दप्तराने कणा वाकडा होत नाही

'जड दप्तरामुळे मुलांना स्कोलिओसिस, म्हणजे कणा वाकडा होण्याचा विकार, होतो' हा पालकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज चुकीचा आहे. दप्तराने पाठ-खांदे दुखतात, हे खरं. पण किशोरवयात कणा बाजूला वळून पिळला जातो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही हा विकार असण्याचं प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा बरंच जास्त आढळतं. २०११मध्ये जपानी संशोधकांना एलबीएक्स१ नावाच्या जनुकाजवळ या विकाराशी जोडलेला एक दुवा सापडला. मात्र दोषी जनुक एकच नाही. मेलॅटोनिन या झोपेशी संबंधित संप्रेरकाचा यात हात आहे का, याबद्दल तर अजून वादच आहे. कण्याचा बाक वाढतो तो उंची झपाट्याने वाढताना, आणि मुलींमध्ये जास्त. तेव्हा 'नीट बस' म्हणून मुलीला दटावण्यापेक्षा पुढे वाकायला सांगा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.