त्रिमिती चित्रपट आणि ‘फसलेला’ प्रेक्षक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

त्रिमिती (थ्री-डी) चित्रपटांवरच्या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया वाचली. पडद्यावरून अंगावर येणाऱ्या वस्तूंना भोळी माणसे घाबरली, १९५०च्या दशकात आलेली त्रिमितीची लाट नवलाई ओसरताच दोन वर्षांत संपली आणि माझा लेख म्हणजे निव्वळ स्मरणरंजन आहे, असे आपण लिहिले आहे. त्याच प्रतिक्रियेत आपण माझी एक चूकही दाखवली आहे आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे. १९५२ चा ‘ब्वाना डेव्हिल’ हा पहिला त्रिमिती चित्रपट, असे मी म्हटले होते. प्रत्यक्षात ‘द पॉवर ऑफ लव्ह’ हा चित्रपट सप्टेंबर १९२२ मध्येच लॉस एंजेलिसला दोन रंगांच्या काचांच्या चष्म्यातून दाखवला गेला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये लॉरेन्स हॅमंड यांनी खुर्चीखुर्चीला फिरत्या झडपेचे यंत्र बसवून दोन्ही डोळ्यांना आळीपाळीने वेगवेगळी चित्रे दाखवली. मात्र ही सोय त्या एकाच नाट्यगृहात झाली आणि प्रयोग तिथेच थांबला.

परंतु ‘भोळा प्रेक्षक’ हे आपले गृहीतक मला मान्य नाही. चित्रपटाचे आद्य प्रवर्तक असलेल्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची पडद्यावरची आगगाडी पाहून लोक पळत सुटले, हा दाखला आपण दिला आहे. २८ डिसेंबर १८९५ च्या पॅरिसमधील पहिल्या जाहीर खेळातील दहा चित्रफितींत ती आगगाडी नव्हतीच, आणि लोक पळाल्याचा त्या काळचा भक्कम पुरावाही अभ्यासकांना मिळालेला नाही. आपल्या सांगलीपुरते बोलायचे, तर १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि पुढे त्या परंपरेच्या नाटकांत ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत राक्षस रंगमंचावर येऊ लागले. दचकणाऱ्या प्रेक्षकाला रंगाखालचा माणूस आपल्यातलाच आहे हे ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणेल काय? दचकण्यासाठीच तर तो येऊन बसलेला असे.

१९८४ मध्ये ‘माय डिअर कुट्टिचातन’ हा भारतातला पहिला त्रिमिती चित्रपट मल्याळममध्ये आला आणि ‘छोटा चेतन’ या नावाने हिंदीत आला, तेव्हा मी शाळेत होतो. सांगलीतल्या त्या खेळात वस्तू पडद्याबाहेर आली की पोरे हात पुढे करीत आणि हाती काही लागले नाही की खदखदून हसत. मात्र माझ्या मनात ठसलेले दृश्य वडिलांचे आहे. ते मधूनमधून चष्मा काढून पडद्यावरचे दुहेरी, पुसट चित्र पाहत आणि पुन्हा चष्मा लावत. फसलेला माणूस असे करीत नाही. ही किमया कशी साधली आहे, हे ते आपल्या डोळ्यांनी तपासून पाहत होते आणि तपासूनही त्यांचा आनंद तसूभर कमी होत नव्हता.

आता १९५३-५४ च्या ओहोटीविषयी. ‘ब्वाना डेव्हिल’ २६ नोव्हेंबर १९५२ रोजी लागला. समीक्षकांनी तो झोडपला, तरी लोकांनी रांगा लावल्या. पण त्या पद्धतीत दोन डोळ्यांसाठी दोन वेगळ्या फिती असत, म्हणून दोन प्रोजेक्टर एकाच वेळी, एकाच गतीने चालवावे लागत. एका फितीचा तुकडा तुटला आणि ऑपरेटरने तो कापून सांधा मारला, तर दुसऱ्या फितीतली नेमकी तेवढीच चौकट कापावी लागे. ती राहून गेली की पुढे दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या क्षणांची चित्रे दिसत आणि डोके दुखू लागे. दोन्ही चित्रे वेगळी ठेवण्यासाठी त्यांचा प्रकाश गाळणीतून वेगवेगळ्या दिशांत कंप पावणारा केलेला असे (यालाच ध्रुवीकरण म्हणतात); साध्या पांढऱ्या पडद्यावर ते टिकत नाही, म्हणून चंदेरी पडदा लागे. शिवाय प्रोजेक्टरपुढची गाळणी आणि चष्मा यांत मिळून निम्म्याहून अधिक प्रकाश जाई. एवढे सगळे रोज, प्रत्येक खेळाला सांभाळणे किती चित्रपटगृहांना जमणार होते? त्यातच सप्टेंबर १९५३ मध्ये ‘द रोब’ सिनेमास्कोपमध्ये, विनाचष्मा, भव्य पडद्यावर आला आणि मालकांना सोपी वाट मिळाली. म्हणून डोके दुखल्याची तक्रार खरी मानूनही, तिचा दोष मी त्रिमितीच्या आभासावर ठेवत नाही.

दोष दाखवण्याच्या पद्धतीचा असतो, याचा अनुभवही मी घेतला आहे. १९८४ पर्यंत दोन्ही चित्रे एकाच फितीवर आली होती, त्यामुळे मागेपुढे होण्याचा प्रश्न मिटला होता. तरीही ‘छोटा चेतन’ दुसऱ्यांदा एका वेगळ्या चित्रपटगृहात पाहिला, तेव्हा चित्र इतके अंधारलेले आणि बेमेल होते की मावशी मध्यंतरातच डोके धरून बाहेर आली. आठवड्यापूर्वी मात्र हाच चित्रपट पाहून ती हरखली होती.

त्या लाटेतले बरेच चित्रपट कथेच्या अंगाने कच्चे होते, हे आपले म्हणणे मला पटते. त्यांच्या गुणवत्तेची बाजू मी घेतलेली नाही. मी बाजू घेतो आहे ती चष्मा काढून पुन्हा लावणाऱ्या प्रेक्षकाची. १९२२ विषयीची दुरुस्ती मूळ लेखात आजच केली आहे.