बंद स्टेशनचा इतिहास लिहायला बसताना

गावाबाहेरच्या बंद स्टेशनचा इतिहास लिहायला घेताय? छान. पहिली अट एवढीच, की त्या गाडीने तुम्ही कधी प्रवास केलेला नसावा. ज्याने केला, त्याला गाडीचा वेग आणि उशीर आठवतो आणि लेखाचा सूर बिघडतो.

सुरुवात ‘लोकांच्या सोयीसाठी’ अशी करा. मूर्तिजापूरहून यवतमाळ नि अचलपूरकडे जाणारी नॅरोगेज मुळात वऱ्हाडातला कापूस बंदराच्या वाटेला लावायला टाकली होती, हे सांगायलाच हवं असेल तर तळटीपेत सांगा. तिचं मँचेस्टरचं इंजिन मात्र सोडू नका. १९२१ साली बनलेलं ते धूड १९९४ पर्यंत राबलं. याला ‘वारसा’ म्हणायचं. इतकी वर्षं दुसरं इंजिन का दिलं नाही, असं विचारणारा माणूस रसिक नव्हे.

मग खलनायक. तो एकच असावा आणि लांबचा असावा. ब्रिटनमध्ये ही सोय आयती झाली होती. १९६३ च्या अहवालात ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांनी २,३६३ स्टेशनं आणि हॉल्ट बंद करायला सुचवले आणि सगळे शिव्याशाप एकाच नावावर जमा झाले. अहवालातली प्रवाशांची मोजणी १९६१ च्या एप्रिलातल्या एका आठवड्याची. उन्हाळी सुट्टीत ओसंडणारी समुद्रकाठची स्टेशनं तेव्हा ओसच असणार. हे ठळक अक्षरांत छापा. त्याच अहवालानुसार निम्म्या स्टेशनांतून मिळून उत्पन्नाचे जेमतेम दोन टक्के येत होते, ते विसरून जा. ‘स्टेशन वाचवा’ सभेला मंडळी कशाने आली होती, तेही विचारू नका. बाहेर लावलेल्या मोटारसायकली फोटोत येणार नाहीत एवढं बघा.

जागा कुठे खर्चायची, तर तिकीट खिडकीवर. अर्धगोल फट, आत पुठ्ठ्याच्या तिकिटांचे गठ्ठे, शेजारी तारीख ठोकायचं लोखंडी यंत्र. तिकीट खाचेत सरकवलं की खट्ट, कडेला तारीख उमटली. (हे खरंच सुंदर होतं. इथे उपरोध नाही.)

शेवटच्या गाडीवर दोन परिच्छेद हवेतच. त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते. हार, नारळ, कॅमेरे; आदल्या दिवशीची प्रवासीसंख्या कुणी विचारत नाही. तुम्हीही गर्दीत शिरून तिकीट काढा, फक्त तपासनिसापुढे धरू नका. न टोचलेल्या तिकिटाला संग्राहक जास्त भाव देतात.