उलट्या म्हणजे ‘विष बाहेर पडणं’ नव्हे

वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दलचा एक मेसेज सध्या नाशिकमध्ये ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. सिडकोतल्या माझ्या मावशीला तो भिशीच्या ग्रुपवर मिळाला. त्यात लिहिलंय, ‘उलटी झाली म्हणजे औषध लागू पडलं. साठलेलं विष बाहेर पडतं. घाबरू नका, डोस वाढवा.’ उलट्या थांबेनात तरी मावशीने डॉक्टरांना फोन केला नाही. मी गेले तेव्हा तिची जीभ कोरडी पडली होती, लघवी सकाळपासून झाली नव्हती, आणि वर म्हणत होती, “अगं, निघू दे सगळं.”

धादांत खोटं आहे हे! या इंजेक्शनांतलं सेमाग्लुटाइड हे औषध आतड्यात तयार होणाऱ्या जीएलपी-१ या हार्मोनसारखं काम करतं. भूक मंदावते, जठर सावकाश रिकामं होतं. अशात सवयीने तर्रीवाली मिसळ पोटभर खाल्ली तर मळमळणारच. यात विष कुठून आलं? न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२१ साली १,९६१ जणांवरची चाचणी छापून आली. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना मळमळ झाली, २५ टक्क्यांना उलट्या. म्हणजे चौघांतल्या तिघांना उलटी झालीच नाही, तरी ६८ आठवड्यांत सरासरी वजन १५ टक्के उतरलं. ‘डोस वाढवा’ हा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी डोस चढवतात, तो शरीराला सवय व्हावी म्हणूनच. उलट्या होत असतील तर डॉक्टर वाढ पुढे ढकलतात. अंगातलं पाणी गेलं की किडनीवर येतं.

मेसेजात पुढे आणखीही दावे आहेत. ‘चरबी वितळून लघवीवाटे जाते’? नाही. जळलेल्या चरबीचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो.

‘साखरेच्या गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा’ हेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते.

‘बंद केलं की वजन परत येतं.’ हे मात्र मान्य करावं लागतं. त्याच चाचणीतल्या ज्यांच्यावर पुढे लक्ष ठेवलं, त्यांचं उतरलेलं वजन वर्षभरात सुमारे दोन तृतीयांश परत आलं. पण बीपीची गोळी सोडली की बीपीही चढतंच. म्हणून ती गोळी फसवी ठरते का?

राहिलं ‘स्वादुपिंड सडतं’. सडत नाही, क्वचित सूज येते. पोटात असह्य दुखून कळ पाठीत जात असेल तर पुढचं इंजेक्शन न घेता तडक दवाखाना गाठायचा. एवढ्या लांबलचक मेसेजात हे लक्षण कुठेही नाही.