जुनी इमारत पाडून ‘ग्रीन’ बांधली की कार्बन वाचतो? मुद्द्यागणिक उत्तर

बांधकाम आणि पर्यावरण हे दोन विषय एकत्र आले की एक दावा हमखास पुढे येतो. त्याचा आशय असा: जुन्या इमारती वीज खातात, त्यांना ठिगळं लावण्यात अर्थ नाही. पाडा आणि तिथे प्रमाणित ग्रीन इमारत उभारा. तिला निम्मी ऊर्जा लागेल, राडारोडा रिसायकल होईल आणि बांधकामात गेलेला कार्बन, म्हणजे साहित्य बनवताना हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड, थोड्याच वर्षांत भरून निघेल. चांगल्या हेतूची माणसंही हे पुढे पाठवतात. त्यावर विसंबून धडधाकट इमारती पाडल्या जातात, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितोय.

‘जुनी इमारत म्हणजे ऊर्जेची उधळपट्टी’

इमारतीचं वय पाहून तिचा ऊर्जावापर कळत नाही. न्यूयॉर्क शहराने मोठ्या इमारतींना ऊर्जावापर जाहीर करायला लावला आणि 2012 मध्ये आकडे लोकांसमोर आले. 100 पैकी गुण देणाऱ्या एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारी मोजणीत (जास्त गुण म्हणजे ऊर्जेचा चांगला वापर) 1930 च्या क्रायस्लर बिल्डिंगला 84 गुण होते आणि 1931 च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला 80. 2006 मध्ये उघडलेल्या, ‘लीड’ या ग्रीन इमारतींच्या अमेरिकी मानांकनाचं सुवर्ण प्रमाणपत्र असलेल्या सेव्हन वर्ल्ड ट्रेड सेंटरला 74. त्या दोन जुन्या इमारतींत सुधारणा झाल्या होत्या हे खरं, पण माझा मुद्दा नेमका तोच आहे. याच यादीत 1958 ची सीग्राम बिल्डिंग होती आणि तिला 3 गुण मिळाले. जाड दगडी-विटांच्या भिंती आणि बेताच्या खिडक्यांची इमारत एकीकडे आणि पायापासून माथ्यापर्यंत एकेरी काच लावलेली इमारत दुसरीकडे, हा फरक बांधणीचा आहे.

शिवाय जुन्या इमारतींचा वापर कागदावर फुगवून दाखवला जातो. जर्मनीतल्या घरांचा गणिताने काढलेला वापर आणि मीटरवरचा खरा वापर यांची तुलना करणारा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. लोक प्रत्यक्षात सरासरी 30 टक्के कमी ऊर्जा वापरत होते. ऊब बाहेर निसटणाऱ्या घरात राहणारी माणसं सगळ्या खोल्या दिवसभर तापवत बसत नाहीत, हात राखून खर्च करतात. पाडण्याचा प्रस्ताव मात्र कागदावरच्या आकड्यावर उभा असतो. जी बचत दाखवली जाते, तिचा एक भाग मुळात खर्चच होत नव्हता.

‘बांधकामाचा कार्बन लवकर फिटतो’

सगळा दावा या मुद्द्यावर तोललेला आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सिमेंटपासून सुरुवात करतो. चुनखडी भट्टीत सुमारे 1,450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मूळ घटक, तयार होतो. भट्टीच्या इंधनाचा धूर निघतो, तो वेगळाच. पण चुनखडीचं विघटन होताना खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, एक टन क्लिंकरमागे साधारण अर्धा टन. भट्टी उद्या सौर ऊर्जेवर चालवली तरी हा वाटा कमी होत नाही, कारण तो रासायनिक अभिक्रियेचा आहे. म्हणूनच जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे. त्यात पोलाद, काच आणि ॲल्युमिनियमची भर. आणि हे सगळं उत्सर्जन इमारतीत पहिला दिवा लागण्याआधीच होऊन गेलेलं असतं.

आता हिशेब करू. आकडे समजुतीसाठी गोल घेतलेत, पण वास्तवाला धरून आहेत. जुन्या इमारतीला दर चौरस मीटरला वर्षाला 150 युनिट वीज लागते. नव्या इमारतीला दाव्याप्रमाणे निम्मी, म्हणजे 75. वीजनिर्मितीत युनिटमागे अर्धा किलो कार्बन जातो असं धरलं, तर नवी इमारत वर्षाला 37.5 किलो वाचवते. ती बांधताना चौरस मीटरला 600 किलो खर्च झाला असेल, तर फिटायला 16 वर्षं लागतात. ऐकायला हे बरं वाटतं, कारण तुलना ‘काहीच न करण्या’शी केली आहे.

खरा तिसरा पर्याय मांडा. सांगाडा तसाच ठेवला, खिडक्या, छत, इन्सुलेशन आणि यंत्रणा सुधारल्या. याला चौरस मीटरला 150 किलो कार्बन गेला आणि वापर 105 युनिटवर आला असं धरू. बचत वर्षाला 22.5 किलो. म्हणजे सात वर्षांच्या आत सगळं फिटलं. सोळाव्या वर्षी नवी इमारत जेमतेम शून्यावर आलेली असते आणि सुधारलेली जुनी इमारत 210 किलोने पुढे असते. नव्या इमारतीला तिला गाठायला 30 वर्षं लागतात.

तेही वीज आजच्याइतकीच काळी, म्हणजे कार्बन सोडणारी, राहिली तर. सौर आणि पवन ऊर्जा वाढून युनिटमागचा कार्बन निम्मा झाला, तर वाचवलेल्या प्रत्येक युनिटचा कार्बनही निम्मा होतो. मग नवी इमारत शून्यावर यायला 32 वर्षं आणि जुनीला गाठायला 60. वीज जितकी स्वच्छ होत जाईल तितका पाडून बांधण्याचा पर्याय मागे पडत जातो, आणि वीज स्वच्छ करणं हे तर जगाने ठरवलेलंच आहे. 2050 पर्यंत उत्सर्जन शून्यावर आणण्याची भाषा एकीकडे करायची आणि 2050 उलटून गेल्यावर फिटणारं कर्ज आज काढायचं, हे एकत्र बसत नाही.

हे फक्त माझं गणित नाही. अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने 2011 मध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या इमारती तपासल्या. सरासरी जुन्या इमारतीपेक्षा 30 टक्के कार्यक्षम असलेल्या नव्या इमारतीला बांधकामाचा हवामानावरचा परिणाम भरून काढायला 10 ते 80 वर्षं लागतात, असं त्यांना आढळलं.

‘राडारोडा रिसायकल होतो’

होतो. पण काँक्रीट फोडून खडी मिळते, सिमेंट मिळत नाही. नव्या स्लॅबला नवं सिमेंट लागतंच. सळया पुन्हा वितळवता येतात आणि ते चांगलंच आहे, मात्र वितळवायला ऊर्जा लागते. जागेवर उभी असलेली तुळई तशीच वापरली तर तीही लागत नाही.

‘प्रमाणपत्र आहे, म्हणजे शंका नको’

प्रमाणपत्र बहुतेकदा आराखड्यातल्या अंदाजावर मिळतं. लोक राहायला आल्यावर मीटर काय दाखवतो, हा वेगळा प्रश्न आहे. आणि प्रमाणपत्र पाडकाम थांबवतं असंही नाही. न्यूयॉर्कच्या 270 पार्क ॲव्हेन्यूवर 1960 च्या सुमारास उभी राहिलेली, जेपीमॉर्गन चेस बँकेचं मुख्यालय असलेली 52 मजली इमारत होती. तिचं नूतनीकरण होऊन तिला ‘लीड’चं सर्वोच्च प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळालं होतं. त्यानंतर दहा वर्षंही पुरती झाली नाहीत तोच तिचं पाडकाम सुरू झालं आणि त्या जागी त्याच बँकेचा आणखी उंच मनोरा आला, तोही पर्यावरणपूरक म्हणून मिरवतो. नूतनीकरणाला लागलेलं साहित्य इतक्या लवकर राडारोड्यात गेलं, याचा मला मनापासून राग येतो.

‘जुन्यात किती सुधारणा होणार?’

एम्पायर स्टेट बिल्डिंगचं काम बारकाईने पाहण्यासारखं आहे. तिथे 6,514 खिडक्या होत्या. त्या फेकल्या नाहीत. इमारतीतच पाचव्या मजल्यावर कार्यशाळा थाटली, तावदानं काढून आणली, दोन काचांच्या मध्ये पातळ फिल्म ताणली, पोकळीत वायू भरला आणि तीच काच परत बसवली. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरच्या मागे उष्णता परतवणारे पडदे लावले. याचा एक परिणाम फार महत्त्वाचा होता: खिडक्यांतून येणारी उष्णता घटल्यामुळे थंडाव्याची मागणी कमी झाली आणि वातानुकूलनाची मोठी यंत्रं बदलण्याऐवजी दुरुस्त करून भागलं. क्रम उलटा असता, म्हणजे आधी यंत्रं घेतली असती, तर हा फायदा हातचा गेला असता. एकूण ऊर्जावापर 38 टक्क्यांनी घटवण्याचं उद्दिष्ट त्या कामाने ठेवलं होतं.

राहत्या घरांचं उदाहरण फ्रान्सचं. बोर्दोच्या ग्राँ पार्कमध्ये 1960 च्या दशकातल्या तीन इमारती, 530 घरं. आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या वास्तुकारांनी सहकाऱ्यांसह जुन्या सांगाड्याला बाहेरून नवी चौकट जोडली. प्रत्येक घराला काचेची बंदिस्त गॅलरी आणि बाल्कनी मिळाली. हिवाळ्यात ही जागा ऊब धरून ठेवते आणि घरही मोठं होतं. काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरातच राहिले. याला 2019 मध्ये वास्तुकलेसाठीचा युरोपचा मीस व्हॅन डर रोहे पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये या दोघांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला जागतिक सन्मान.

पाडणं कधी योग्य?

काही वेळा असतं. सळया गंजून स्लॅबचा भरवसा उरला नसेल, पाया खचला असेल, भूकंपात टिकण्याइतकं बळ देणं शक्यच नसेल, तर माणसांचा जीव आधी. सुधारणाही डोळे झाकून चालत नाही: वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासातच, गोदामाची घरं करताना इतकं नवं साहित्य लागलं की पुनर्वापराचा फायदा उरला नाही. म्हणून पाडण्याचा प्रस्ताव आला की तीन आकडे लेखी मागावेत: गेल्या काही वर्षांची प्रत्यक्ष वीजबिलं, नव्या इमारतीच्या साहित्याचा कार्बन आणि सांगाडा ठेवून सुधारणा केली तर लागणारा कार्बन. यातला तिसरा आकडा प्रस्तावात सहसा नसतो. तो येईपर्यंत संमतीची सही करू नये.