‘छळालाच दिलेलं गोंडस नाव’ म्हणे!

‘२४ तास दुसऱ्याच्या हुकमात राहायला जो स्वखुशीने तयार होतो, तो एक तर आजारी, नाहीतर फसलेला. बीडीएसएम हे छळालाच दिलेलं गोंडस नाव आहे.’ असं छातीठोकपणे सांगणारे ठायी ठायी भेटतात. बीडीएसएम म्हणजे बांधणं, हुकूम देणं-पाळणं, वेदना यांचं संमतीने चालणारं नातं; काही जोडपी ते २४ तास जगतात. वरच्या वाक्यांत तीन वेगळे आरोप एकाच पोत्यात कोंबलेत.

‘आजारी’चं उत्तर थोडक्यात आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या विकारांच्या सूचीने २०१३ साली आवड आणि विकार यांत फरक केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत संमतीने चालणारा सॅडोमॅसोकिझम, म्हणजे वेदना देण्या-घेण्यातलं सुख, विकार म्हणून उरलेला नाही. २०१३च्याच एका डच अभ्यासात ९०२ बीडीएसएमवाल्यांची ४३४ इतरांशी तुलना झाली; बीडीएसएमवाले मनाने जास्त अस्वस्थ निघाले नाहीत, उलट थोडे जास्त स्वस्थच निघाले. मात्र डॉमिनंट (हुकूम देणाऱ्या) मंडळींचे गुण सबमिसिव्ह (हुकूम पाळणाऱ्या) मंडळींपेक्षा चांगले होते आणि अभ्यास केवळ २४ तासवाल्यांचा नव्हता, हेही सांगायला हवं.

‘फसलेला’ हा आरोप जास्त वजनदार, कारण त्याच्या पाठीशी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल उभा आहे. स्वातंत्र्य कायमचं विकून टाकण्याचं स्वातंत्र्य माणसाला नाही, असं तो १८५९ साली म्हणाला. मला ते पटतं. पण इथे विक्री झालीय कुठे? ज्याच्या आडनावावरून ‘मॅसोकिझम’ हा शब्द पडला, त्या झाखर-माझोख या ऑस्ट्रियन लेखकाने १८६९ साली आपल्या प्रेयसीचा, फॅनी पिस्टॉरचा, ‘गुलाम’ होण्याचा करार केला. मुदत सहा महिने. लिखाणासाठी रोज सहा तास त्याचे. त्याची पत्रं तिने वाचायची नाहीत, त्याची बेअब्रू होईल असं काही करायला सांगायचं नाही. अटी घालणारा गुलाम! आजच्या जोडप्यांतही पगार, नोकरी, मित्र, डॉक्टर यांतलं काय हुकमाबाहेर राहील हे आधी ठरतं. दर काही दिवसांनी भूमिका बाजूला ठेवून, बरोबरीने बसून बोलणं होतं. सेफवर्ड, म्हणजे उच्चारताच सगळं थांबवणारा ठरलेला शब्द, तर असतोच. कागदावर सही असली तरी तिला कायद्याची ताकद नसते, हे दोघांना ठाऊक असतं. आणि २४ तास म्हणजे अखंड हुकूम नव्हे हो. विजेचं बिल भरणं आणि भांडी घासणं यातच बहुतेक दिवस जातो.

राहिला ‘छळ’. इथे आरोप करणारा पूर्ण चुकलेला नाही. या नावाआड लपणारे असतात. एटीएम कार्ड काढून घेतात, मैत्रिणी तोडायला लावतात, सेफवर्ड उच्चारला की ‘खरी सबमिसिव्ह असं म्हणत नाही’ असं ऐकवतात. आपल्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईची मानसिक आणि आर्थिक कोंडीही हिंसाच आहे. तिथे ‘तिनेच सही केली होती’ ही ढाल चालू नये. पण मग बघायचं ते हुकूम आहे की नाही हे नव्हे. ‘नाही’ म्हटल्यावर काय किंमत मोजावी लागते आणि उद्या निघून जायचं ठरवलं तर दार उघडं आहे का, हे बघायचं.

हीच तपासणी हुकमाचं नावही न घेणाऱ्या, चारचौघांत आदर्श ठरलेल्या संसारांचीही करून बघा. ‘आमच्या आज्याही असंच राहायच्या की’ म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न: त्यांना आधी कुणी विचारलं होतं?