धागा तुटला की माग थांबला पाहिजे

'रोज एक टक्का सुधारा' असा मेसेज आठवड्यातून एकदा तरी येतोच. सल्ला वाईट नाही. पण आठ वर्षं छोटा व्यवसाय चालवल्यावर मला वाटतं, त्यात पहिली पायरीच गाळलेली असते. नेमकं काय बिघडलंय, हे आपल्याला सांगणार कोण?

१९२४ साली जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी एक स्वयंचलित माग तयार केला. विणताना उभा धागा तुटला, की तो आपोआप थांबायचा. नाहीतर धागा तुटलेला लक्षात येईपर्यंत कापड विणलं जातच राहतं आणि सगळं वाया जातं. हा माग स्वतःच थांबत असल्याने एकच माणूस कितीतरी माग सांभाळू शकत होता. पुढे टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यातही हाच विचार आला. डोक्यावरून एक दोरी गेलेली. काही चुकतंय असं वाटलं, तर कुठल्याही कामगाराने ती ओढायची. प्रमुख धावत येतो, दोघं मिळून बघतात, आणि वेळेत सुटलं नाही तर अख्खी लाईन थांबते.

मला यात दोरीपेक्षा ती ओढायची मुभा मोठी वाटते. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, ज्यांना आधी बेशिस्त म्हणून नावं ठेवली जायची तेच. आणि त्याच हातांतून थोड्याच काळात चांगल्या दर्जाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. माणसं बदलली नव्हती. त्यांच्या बोलण्याला किंमत आली होती.

हे मी वाचलं होतं, इतरांना सांगतही होते. आणि माझ्याच कामात काय चाललं होतं?

आमच्या एका वस्तूच्या तुटफुटीच्या तक्रारी वाढल्या होत्या. मी चार महिने कुरिअरवाल्यांशी भांडत राहिले. मग एक दिवस पॅकिंग करणारा मुलगा हळूच म्हणाला, "ताई, नवीन खोकं जरा मोठं आहे. वस्तू आत हलते." त्याला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?" तो खाली बघत म्हणाला, "मागे एकदा बोललो होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, तू तुझं काम बघ."

मला ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. त्याला मात्र अजून आठवत होतं.

१९५० मध्ये जपानी उद्योजकांना गुणवत्तेचे धडे देणाऱ्या डेमिंग यांनी पुढे व्यवस्थापनाची १४ सूत्रं मांडली. त्यातलं एक सूत्र कामाच्या जागेवरची भीती घालवायचं आहे. गुणवत्तेच्या यादीत भीतीचं काय काम, असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही.

घरातही तेच. चूक दाखवली की समोरच्याचा चेहरा उतरतो किंवा आवाज चढतो, मग हळूहळू माणसं बोलायची थांबतात. आपल्याला वाटतं, सगळं सुरळीत आहे. खरं तर फक्त मागील पानावरून पुढे चालू असतं.

एकट्याने करायच्या गोष्टीत तर सांगणारंही कोणी नसतं. मी गाणं शिकते. एक ओळ दोन वर्षं मन लावून घोटली. रेकॉर्ड करून ऐकली तेव्हा कळलं, एका जागी सूर दरवेळी उतरतोय. म्हणजे दोन वर्षं मी ती चूकच पक्की करत होते. न थांबता केलेल्या सरावाची म्हणूनच मला आता भीती वाटते.

हल्ली दर शुक्रवारी आम्ही सगळे बसतो. प्रश्न एकच: या आठवड्यात काय अडलं? पहिले तीन शुक्रवार कोणी तोंड उघडलं नाही. चौथ्या शुक्रवारी मी माझीच एक चूक सगळ्यांसमोर सांगितली, पैशाचा हिशेब चुकल्याची. मग एकेक जण बोलू लागला. उपाय बहुतेक वेळा अगदी किरकोळ निघतात. लेबलची जागा बदलली, फोनवर विचारायचा एक प्रश्न वाढवला, इतकंच.

परवा ऐन गर्दीच्या वेळी त्या मुलाने चिकटपट्टी खाली ठेवली आणि हाक मारली, "ताई, जरा इकडे या." बाहेर गाडी उभी होती, उशीर होत होता. मी उठून गेले.