‘कंदांचं बी उन्हात वाळवा, फ्रिजमध्ये ठेवा’: त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

उन्हाळा लागला की नागपुरातल्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरायला लागतो. ट्यूलिप असो, लिली असो की निशिगंध, बोंडं तोडा, आठ दिवस कडक उन्हात वाळवा, बी डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, पावसाळ्यात काळ्या मातीत बोटभर खोल पेरा. त्याच वर्षी मूळ झाडासारखंच फूल येईल, आणि बी धरलेला जुना कंद मरतो म्हणून तो फेकून द्या. सगळ्या कंदांना एकच माप लावल्यामुळे यातलं जवळपास काहीच धड लागू पडत नाही.

‘आठ दिवस कडक उन्हात वाळवा.’ अमरेलिस, म्हणजे मोठ्या कर्ण्यासारख्या फुलांची लिली, आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये फुलतं. परागण झाल्यापासून चार ते सहा आठवड्यांत बोंड पिकतं, म्हणजे नेमकं एप्रिलअखेर ते मेमध्ये. त्या उन्हात गच्चीच्या स्लॅबवर ठेवलेलं काळं, कागदासारखं पातळ बी भाजूनच निघणार. बोंड हिरव्याचं पिवळं झालं आणि टोकाशी चिरलं की कापा. त्याआधी कापलं तर बी पोचट निघतं. पिकत आलेल्या बोंडाला मलमलीची चिंधी सैल बांधून ठेवा, नाहीतर दुपारच्या झळांसोबत बी शेजारच्या गच्चीवर. वाळवण घरात, सावलीत, दोन-तीन दिवस पुरे. मग एकेक बी उजेडासमोर धरा: मधोमध टणक फुगीर ठिपका दिसला तर ठेवा, नुसता पापुद्रा असेल तर टाका.

नागदवणा आणि स्पायडर लिलीचं बी तर वाळवायचंच नसतं. ते हिरवं, मांसल, पाण्याने भरलेलं असतं. सुरकुतलं की कामातून गेलं. नागदवण्याचं बी नुसतं फळीवर ठेवलं तरी मूळ काढतं. रेती आणि कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ओलसर मिश्रणावर अर्धं दाबून ठेवा, बस्स.

‘फ्रिजमध्ये ठेवा.’ अमरेलिस आणि रेन लिली (पावसाळ्यात फुलणारी छोटी लिली) यांचं बी ताजं असतानाच सर्वांत चांगलं उगवतं. ठेवायचंच असेल तर कागदी पाकिटात, काही महिने. हवाबंद डबीत किंचित ओल राहिली तरी बुरशी येते. थंडीची गरज खरोखर कुणाला असते, तर ट्यूलिपच्या बियांना: ओलसर रेतीत साधारण तीन महिने, 4 ते 5 अंशांत. ती दिली तरी पुढे फुलायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि त्या प्रत्येक वर्षी आपला मे महिना आडवा येतो. श्रीनगरला जमतं ते इथल्या गच्चीवर जमायचं नाही. निळ्या ट्यूलिपच्या बियांची पाकिटं मागवणाऱ्यांसाठी जाता जाता: खरा निळा ट्यूलिप अस्तित्वातच नाही.

‘काळ्या मातीत बोटभर खोल पेरा.’ सगळ्यांत जास्त बी इथे वाया जातं. आपली काळी माती भिजली की फुगते, चिकटते. वाळली की भेगाळते आणि रोपांची केसासारखी मुळं तोडते. चाळलेली रेती आणि भिजवून पिळलेलं कोकोपीट निम्मं-निम्मं घ्या. खाली भोकं असलेला, किमान 10 सेंटिमीटर खोल ट्रे हवा. बी आडवं ठेवून वर जेमतेम 3 ते 5 मिलिमीटर थर. बोटभर खोल गेलं तर पातळ बियातला साठा अंकुर वर येण्याआधीच संपतो.

दुसरी पद्धत पाण्याची. पसरट भांड्यात अमरेलिसचं बी पाण्यावर तरंगत सोडा, एक-दोन दिवसांनी पाणी बदला. आठ ते पंधरा दिवसांत मूळ दिसतं. ते सेंटिमीटरभर झालं की मिश्रणात लावा. मेमध्ये भांडं कूलरच्या खोलीत, पण थेट झोतापासून दूर ठेवा. तिथलं 28-30 अंश तापमान अंकुरायला सोयीचं असतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या रखरखीत नऊ दिवसांत, गच्चीवर पेरणी करूच नका. उगवल्यावर रोपं बुडाशी मऊ पडून आडवी व्हायला लागली, तर पाणी जास्त आणि वारा कमी झालाय. वरचा थर सुकू द्या आणि पाणी खालून, ताटलीतून द्या.

‘त्याच वर्षी फूल.’ रेन लिली पुढच्या पावसाळ्यात फुलू शकते. अमरेलिसला साधारण तीन वर्षं लागतात, कधी चार. पहिल्या दोन हिवाळ्यांत मोठ्या कंदासारखं रोपांचं पाणी तोडू नका. पानं हिरवी राहिली तरच कंद फुगतो. विद्राव्य 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा.

‘मूळ झाडासारखंच फूल.’ नर्सरीतलं बहुतेक अमरेलिस संकरित असतं. त्याच्या बियांतून रंगांची सरमिसळच निघणार. तोच रंग हवा असेल तर कंदाच्या बाजूची पिल्लं वेगळी करा. पिवळी रेन लिली मात्र बियांतूनही बहुधा तशीच येते. डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या निशिगंधाकडून बियांची आशा करू नका, सिंगलला बी येतं. अमरेलिसमध्ये बी हवंच असेल, तर सकाळी केसरांवरची पिवळी पूड कापसाच्या काडीने घ्या आणि स्त्रीकेसराचं टोक तीन फाट्यांत उघडलं की त्यावर लावा. फूल उमलल्यावर टोक उघडायला एक-दोन दिवस लागतात. घाई केली की बोंड धरत नाही.

‘जुना कंद फेकून द्या.’ फेकू नका! बी पोसताना कंदातला साठा खर्च होतो, पुढच्या वर्षी दांडा बारीक येऊ शकतो, इतकंच. एका दांड्यावर एकच बोंड ठेवा, बाकीची फुलं सुकताच खुडा. बी काढून झाल्यावर सुकलेला दांडा कापा, पण पानांना हात लावू नका. पाऊस सुरू झाला की कुंडीत मूठभर गांडूळखत घाला.